भिंतीवरचा आयर्न क्रॉस आणि चेहरा नसलेली माणसं

प्रश्न : माझ्या भावाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधून एका चित्राचं पोस्टर आणलं. मार्सडन हार्टली या अमेरिकन चित्रकाराचं, 'पोर्ट्रेट ऑफ अ जर्मन ऑफिसर', १९१४. आम्ही ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. काळ्या रंगावर झेंडे, पट्टे, आकडे, अक्षरं आणि आयर्न क्रॉस आहे; माणूस कुठेच नाही. गणपतीच्या दर्शनाला आलेले सोसायटीतले एक काका ते बघून म्हणाले, "हे हिटलरचं काहीतरी दिसतंय. घरात कशाला लावलंत?" तेव्हापासून माझे मिस्टर पोस्टर काढायच्या मागे लागलेत. मुलगी चित्रकलेचं शिक्षण घेते. ती म्हणते, "आई, रंग बघ, आकार बघ. राजकारण कशाला शोधतेस?" मला दोघांचंही पुरतं पटत नाही. याला व्यक्तिचित्र का म्हणायचं? आणि तो काळ माहीत नसेल तर हे चित्र कळणारच नाही का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : पोस्टर काढू नका. कारण सांगायला जरा जागा घेते, पण उत्तर तेच राहणार आहे.

पोस्टरमध्ये सगळ्यात आधी हरवतं ते माप. मूळ चित्र १७३ सेंटिमीटर उंच आणि १०५ सेंटिमीटर रुंद आहे. टेप घ्या, दाराच्या चौकटीवर पाच फूट आठ इंचांवर पेन्सिलीने खूण करा आणि तिच्यासमोर उभ्या राहा. पुरुषभर उंचीचा कॅनव्हास आहे हा. आता पोस्टरकडे वळा आणि नजर वरून खाली आणा. मागे सगळं काळं. जमीन नाही, आकाश नाही, खोली नाही. त्या काळ्यावर वस्तू एकमेकींवर रचल्या आहेत, मधोमध दाटी करून. छाती यावी त्या भागात आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन लष्करी पदक. गोंडे, पट्टे, झेंड्यांच्या लाटा. आतला माणूस निघून गेला आणि गणवेश मात्र उभाच राहिला, असं काहीतरी. एवढं दिसायला १९१४ साल ठाऊक असावं लागत नाही. इथपर्यंत तुमच्या मुलीचं म्हणणं खरं आहे. सपाट तुकडे एकावर एक चढवायची ही रीत हार्टलीने कुठून घेतली हेही तिला ठाऊक असेल: १९१२ साली तो पॅरिसला गेला, लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांच्या घरी त्याने पिकासोची चित्रं पाहिली, आणि क्युबिझम त्याच्या हातात उतरला.

पण मग खालच्या डाव्या कोपऱ्यात के, व्ही, एफ ही तीन रोमन अक्षरं आहेत आणि उजव्या कोपऱ्यात २४ हा आकडा आहे. मध्येच एक ४. निळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्यांची एक पट्टी आहे, काळ्या-पांढऱ्या चौकटी आहेत. नुसते रंग आणि आकार बघणाऱ्याला इथे थांबावं लागतं, कारण चित्रकाराने आकाराऐवजी अक्षर काढलं की तो आपल्याला विचारायलाच लावत असतो: हे कोण?

के. व्ही. एफ. म्हणजे कार्ल फॉन फ्राईबुर्ग, प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या, सैन्यातला तरुण लेफ्टनंट. हार्टलीची त्याची ओळख पॅरिसमध्ये झाली, शिल्पकार आर्नोल्ड रॉनेबेक याच्या ओळखीतून. फ्राईबुर्ग या रॉनेबेकचा नातलग. त्या दोघांच्या ओढीने हार्टली १९१३ मध्ये बर्लिनला राहायला गेला. १९१४ च्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटलं आणि ७ ऑक्टोबरला फ्राईबुर्ग आघाडीवर मारला गेला. वय २४. त्याच्या पलटणीचा क्रमांक ४. निळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्या दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या झेंड्यावरच्या. चौकटी बुद्धिबळाच्या पटाच्या, कारण त्याला बुद्धिबळ फार आवडे. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे बातमी अजून ताजी असतानाच, हार्टलीने हे चित्र रंगवलं.

आता माझं म्हणणं नीट ऐका. या चित्रातल्या खुणा दोन प्रकारच्या आहेत. काळा-पांढरा-लाल झेंडा आणि आयर्न क्रॉस त्या वर्षी बर्लिनमधल्या कुणालाही ओळखू येत होते. रस्त्यारस्त्यावर, खिडक्याखिडक्यांत तेच होतं. पण २४ हा आकडा कुणाचं वय आणि चौकटी कुणाचा आवडता खेळ, हे कळणारी माणसं बर्लिनमध्ये मोजकीच असतील. हार्टलीने या दोन्ही खुणा एकाच काळ्यावर, एकमेकींना चिकटवून रंगवल्या. का?

कारण त्याचं फ्राईबुर्गवर प्रेम होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती. जर्मन साम्राज्याच्या दंडसंहितेतलं १७५ वं कलम पुरुषापुरुषांमधल्या संबंधांना तुरुंगवास देत होतं. काही वर्षांपूर्वीच, १९०७ पासून, खुद्द कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, जवळच्या माणसांवर झालेल्या याच आरोपांवरून खटले रंगले होते आणि वर्तमानपत्रांनी ते चवीने छापले होते. इंग्लंडमध्ये ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये शिक्षा झाली होती. आपल्याकडे तर इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ वं कलम सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे हा काळ लांबचा वाटला तरी आपल्या ओळखीचाच आहे.

रणात पडलेल्या अधिकाऱ्यासाठी मात्र उघड शोक करायला मुभा होती. तो झेंड्याच्या, पदकाच्या, पलटणीच्या आकड्याच्या भाषेत केला तर कुणी जाब विचारणार नव्हतं. हार्टलीने राज्यसंस्थेने मान्य केलेली शोकाची भाषा उचलली आणि तिच्या घड्यांमध्ये स्वतःचं माणूस ठेवलं. चेहरा रंगवला असता तर चित्रकाराने त्याच्याकडे कसं पाहिलं होतं ते दिसलं असतं. म्हणून चेहरा नाही. या चित्रातला राजकीय भाग मला झेंड्यात तितका दिसत नाही, जितका या न रंगवलेल्या चेहऱ्यात दिसतो.

पाचपाखाडीत आमचा चित्रं बघणाऱ्यांचा छोटा गट आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तो सुरू केला. कुणाच्या तरी घरी जमतो आणि एकच चित्र भिंतीवर मोठं करून तासभर बघतो. हे चित्र लावलं तेव्हा मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. मूळच्या कोरेगाव तालुक्यातल्या, सैनिकाच्या घरातल्या एक बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ही सगळी सरकारकडून घरी येते ती ट्रंक आहे." त्या क्षणी खोलीतल्या कुणालाही यात व्यक्तिचित्र कसं, असा प्रश्न उरला नाही. पदक, पट्टा, बिल्ला, पलटणीचा नंबर: माणूस गेल्यावर घरी पोचतं ते हेच, आणि घरातली माणसं त्यात चेहरा बघतात.

एका मोहापासून सावध राहायला हवं. हे सगळं कळलं की आपल्याला चित्र युद्धविरोधी ठरवावंसं वाटतं. तसं केलंत तर चित्राचा अर्धा भाग पुसला जाईल. हार्टलीला बर्लिनच्या लष्करी कवायती, पांढऱ्याशुभ्र गणवेशातले घोडेस्वार, बँड, मिरवणुका यांचं विलक्षण आकर्षण होतं. १९१३ मध्ये त्याने तेच रंगवलं होतं. ते आकर्षण १९१४ च्या चित्रातही आहे. लाल बघा, पिवळा बघा, किती भरून, जाड हाताने लावलाय. हे रंग सणाचे आहेत. ज्या डौलावर तो भाळला होता त्याच डौलाने त्याचा माणूस खाल्ला, आणि त्याने या दोन्हीतलं काहीच लपवलं नाही. मला हे चित्र याच कारणासाठी मोठं वाटतं. निव्वळ निषेधाची चित्रं पुष्कळ आहेत.

१९१५ च्या अखेरीस हार्टली अमेरिकेला परतला आणि एप्रिल १९१६ मध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्या न्यूयॉर्कच्या '२९१' या गॅलरीत त्याची ही जर्मन चित्रं लागली. त्याआधी वर्षभरच, ७ मे १९१५ ला, जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली होती. जवळपास १२०० माणसं मेली, त्यांत १२८ अमेरिकन. अशा शहरात जर्मन झेंडे आणि आयर्न क्रॉस! लोक बिथरणारच होते. हार्टलीने तेव्हा लिहून दिलं की या आकारांत कसलाही छुपा अर्थ नाही, रोज डोळ्यांसमोर दिसलं तेच रंगवलंय. तुमच्या मुलीला हे वाक्य फार आवडेल. पण हे वाक्यही त्या काळातूनच आलंय. त्याला खरं सांगायची दोन्हीकडून बंदी होती: जर्मन अधिकाऱ्यासाठी रडतोय हे सांगता येत नव्हतं आणि पुरुषासाठी रडतोय हेही नाही. चित्रकार स्वतःच्या चित्राबद्दल बोलतो तेव्हा तो कुणासमोर उभा राहून बोलतोय हे बघावं. साक्षीदाराची जबानी वाचताना आपण बघतो, तसंच.

आता तुमचे शेजारी. त्यांच्यावर रागावू नका, कारण आयर्न क्रॉस बघून चपापणं हीसुद्धा इतिहासाचीच आठवण आहे. फक्त तो इतिहास नंतरचा आहे. आयर्न क्रॉस प्रशियाच्या राजाने १८१३ मध्ये, नेपोलियनविरुद्धच्या लढाईत सुरू केला; १८७० मध्ये आणि पुन्हा १९१४ मध्ये तो नव्याने दिला गेला. हिटलरने त्याच्या मध्यभागी स्वस्तिक बसवलं ते १९३९ मध्ये. तुमच्या भिंतीवरच्या क्रॉसमध्ये ते नाही, हे काकांना जवळ नेऊन दाखवा. १९१४ मध्ये नाझी पक्षच जन्मला नव्हता. आणि सत्तेवर आल्यावर या लोकांना असली चित्रं बघवतही नव्हती: १९३७ मध्ये म्युनिकला त्यांनी आधुनिक चित्रांची हेटाळणी करायला एक प्रदर्शनच भरवलं. अमूर्त चित्रकार कांडिन्स्की, ज्याला हार्टली जर्मनीत येऊन भेटला होता, त्याची चित्रं तिथे चेष्टेसाठी टांगली होती.

आणखी एक संदर्भ आपला स्वतःचा. फ्राईबुर्ग पडला त्याच महिन्यात हिंदुस्थानी पलटणी फ्रान्समध्ये त्याच आघाडीवर, त्याच्या बाजूविरुद्ध उतरत होत्या. मराठा पलटणी पुढे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. कोरेगावच्या त्या बाईंनी ट्रंक ओळखली ती या वारशामुळे. एका जर्मन अधिकाऱ्यासाठी काढलेल्या चित्रात साताऱ्याकडच्या घराला आपली ट्रंक दिसते. हार्टलीच्या मनात हे असणं शक्यच नव्हतं, तरी हे दिसणं खोटं नाही. कारण पदक, पलटण आणि आकडा ही भाषा दोन्ही साम्राज्यांनी आपापल्या सैनिकांसाठी सारखीच वापरली.

पोस्टर राहू द्या. काका पुन्हा आले तर त्यांना खालच्या उजव्या कोपऱ्यातला २४ हा आकडा दाखवा आणि तिथून सुरुवात करा.

प्रश्न : मी नौपाड्यातल्या एका वाचनमंडळात जाते. अमूर्त चित्रांवरच्या लेखांत हल्ली युद्ध, भांडवलशाही, वसाहतवाद, वाटेल ते सापडतं. चित्रात तर दोन त्रिकोण आणि एक डाग असतो. समाज आणि राजकारण चित्रात कोंबलं जातंय की ते खरंच तिथे आहे, हे साध्या माणसाने ओळखायचं कसं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आमच्या गटात मी एक अट घातली आहे. संदर्भ सांगायचा असेल तर जागेवरून उठायचं, भिंतीपाशी जायचं आणि चित्रावर बोट ठेवून सांगायचं. ज्या वाक्याला बोट ठेवायला जागा मिळत नाही ते वाक्य खरं असू शकेल, पण ते चित्राबद्दलचं नसतं. ही अट कडक वाटते. मात्र तिने बडबड निम्म्यावर येते.

एक उदाहरण घ्या. पिकासोने १९१० मध्ये आपला चित्रविक्रेता डॅनियल-हेन्री कानवायलर याचं व्यक्तिचित्र केलं; ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तपकिरी आणि करड्या रंगांत सगळं कोनाकोनांत फुटलेलं. बराच वेळ बघत राहिलं तर खाली मधोमध एकात एक गुंतवलेले हात सापडतात, वर केसांची लाट, नाकाची रेघ. हा कानवायलर जन्माने जर्मन. १९०७ मध्ये त्याने पॅरिसमध्ये गॅलरी उघडली. १९१४ ला युद्ध सुरू झालं आणि त्याच्याकडची शेकडो चित्रं शत्रूची मालमत्ता म्हणून फ्रेंच सरकारने ताब्यात घेतली. १९२१ ते १९२३ या काळात लिलाव करून विकली. पिकासो, त्याचा क्युबिस्ट सोबती ब्राक, सगळे त्यात.

ही हकीकत वाचल्यावर चित्रातला फुटलेला माणूस बघून हात शिवशिवतात: बघा, दोन देशांमध्ये चिरडला गेलेला माणूस! मला हे वाचायला मिळालं आहे, आणि ते मोहक आहे. पण चित्र १९१० चं आहे. युद्ध चार वर्षं लांब होतं. पिकासोने त्याच वर्षी इतरांचीही व्यक्तिचित्रं याच पद्धतीने फोडली. तेव्हा जप्ती हा या चित्राचा अर्थ नाही. क्युबिस्ट चित्रं बाजारात कशी फिरली, त्यांच्या किमती का पडल्या, कुणाला ती स्वस्तात मिळाली, हे समजायला ती हकीकत अत्यंत मोलाची आहे. ते चित्राचं पुढचं आयुष्य. दोन्ही गोष्टी सांगाव्यात, पण वेगवेगळ्या.

त्याच चित्रात बोट ठेवता येईल असा संदर्भ हवा असेल तर वर डावीकडे बघा. तिथे कोरीव मूर्तीसारखा किंवा मुखवट्यासारखा एक आकार आहे. पिकासोच्या स्टुडिओत अशा वस्तू होत्या, वसाहतींमधून पॅरिसच्या बाजारात आलेल्या. जर्मन विक्रेत्याचं व्यक्तिचित्र करताना वसाहतीतून आलेली वस्तू शेजारी आहे, आणि त्या वस्तूंच्या आकारांतूनच तर पिकासो चेहरा फोडायला शिकत होता. इथे वसाहतवादाबद्दल बोला, हक्काने बोला. बोट चित्रावर आहे.

तुमच्या वाचनमंडळात लेख वाचताना पेन्सिलीने एवढंच करून बघा: लेखकाच्या प्रत्येक दाव्यासमोर चित्रातली जागा लिहा. जिथे जागा लिहिता येणार नाही तिथे तारीख तपासा. बहुतेक वेळा घटना चित्राच्या नंतरची निघते.

प्रश्न : ठाण्याहून फार लांब न जाता आधुनिक भारतीय चित्रं कुठे बघता येतील?
– एक वाचक, कोपरी

उत्तर : ठाण्यात कापूरबावडीचं कलाभवन आहे, तिथे स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं लागतात, जात राहा. मोठ्या नावांसाठी सीएसएमटी गाठायलाच हवी. काळा घोड्याला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी समोरासमोर म्हणाव्यात इतक्या जवळ आहेत. संग्रहालय सोमवारी बंद असतं.

प्रश्न : मी घणसोलीचा, आगरी कुटुंबातला. कमर्शियल कामं करतो, पण सध्या आजोबांचं अमूर्त व्यक्तिचित्र करतोय. आमची शेती नवीन शहरासाठी गेली. आजोबा १९८४ ला जासईच्या आंदोलनाला गेले होते, तिथलं पुष्कळ सांगायचे. मरेपर्यंत जुना सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवायचे. मी लाल रंग, मुठी, पोलिसांच्या लाठ्या असे आकार घेतले, पण चित्र पोस्टरसारखं दिसतंय. आजोबा त्यात नाहीतच. काय चुकतंय?
– एक चित्रकार, घणसोली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आजोबा चित्रात नाहीत हे तुम्हाला स्वतःला कळलं, म्हणजे चित्र होणार आहे.

मूठ आणि लाठी कुठल्याही आंदोलनाची असते. वर हार्टलीबद्दल लिहिलंय ते तुमच्यासाठीही आहे: सगळ्यांना ओळखू येणारी खूण आणि फक्त घरच्यांना ओळखू येणारी खूण, दोन्ही लागतात. तुम्ही पहिलीच भरली. दुसरी तर तुमच्या पत्रात आहे. उशाशी ठेवलेली प्लास्टिकची पिशवी! ती कुठल्या रंगाची होती? दुधाची होती की खताची, की कपड्याच्या दुकानातली? घडीवर कागद फाटला होता का? सातबाऱ्यावर गट नंबर असेल, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असेल, पीकपाहणीचा रकाना असेल, त्यात भात लिहिलेलं असेल. तलाठ्याच्या शाईचा रंग कसा होता? यातला एकेक आकार आणि आकडा कॅनव्हासवर येऊ शकतो आणि तो फक्त तुमच्या आजोबांचा असेल.

आता मोठी खूण. तुम्हाला माहीतच आहे, पण तरुण वाचकांसाठी लिहिते. १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित व्हायला लागल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना द्यायचं धोरण या लढ्यातून आलं. हे सगळं एका व्यक्तिचित्रात मावणार नाही. मावू देऊही नका.

त्याऐवजी रेघेकडे बघा. हे मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून सांगते आहे. खाजणातल्या शेताचा बांध कधी सरळ नसतो; पाणी जसं वळतं तसा तो वळतो, भरतीने खाल्ला की माणूस त्याला पुन्हा चिखल लावतो, त्यामुळे दर वर्षी त्याची रेघ थोडी बदलते. सेक्टरची रेघ पट्टीने मारलेली असते. गावठाणाचा नकाशा आणि आजूबाजूच्या सेक्टरचा नकाशा एका कागदावर ठेवून बघा, तुमच्या घणसोलीचाच घ्या. गावठाण गोळा होऊन बसलंय आणि त्याच्या चारही बाजूंनी काटकोन आले आहेत. तुमच्या चित्रातला सगळा संघर्ष या दोन रेघांत आहे. त्याला मूठ लागत नाही. आजोबांच्या खांद्याची, पाठीच्या बाकाची रेघ बांधाच्या रेघेतून काढा, आणि पट्टीच्या रेघा त्यात कुठवर शिरल्या आणि कुठे अडल्या ते तुम्ही ठरवा. तो निर्णय म्हणजेच तुमची राजकीय भूमिका. ती लाल रंगाने सांगायची गरज नाही.

रंगाबद्दल. खाजणाचा चिखल काळसर राखाडी असतो, सुकला की त्यावर मिठाची पांढरी कड येते. भात कापणीला आलं की पिवळं. तुमच्या पॅलेटवर हे तीन असले की प्लास्टिकच्या पिशवीचा रंग आपोआप परका दिसेल, आणि तो तसा दिसायलाच हवा. साडेबाराचा आकडा घालायचा मोह होईल. घाला, पण त्याला क्षेत्रफळ द्या: एकूण कॅनव्हासचा साडेबारा टक्के भाग मोजून काढा आणि तेवढाच भाग वेगळ्या पद्धतीने रंगवा, बांधाच्या रेघेने किंवा चिखलाच्या रंगाने. बघणाऱ्याला आकडा वाचता आला नाही तरी तो तुकडा किती लहान आहे ते डोळ्याला कळेल. मुंबईतल्या बघणाऱ्याला सातबारा म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही, पण दिल्लीला चित्र लावलंत तर शेजारच्या पाटीवर दोन ओळी लिहा. त्यात कमीपणा नाही. हार्टलीच्या चित्राशेजारीही आता संग्रहालयाने ते लिहिलेलं आहे.

एक विनंती. १९८४ ला आजोबा तिथे होते, पण पाच हुतात्म्यांचं दुःख त्यांच्या घरांचं आहे. आजोबांनी त्या दिवशी स्वतः काय पाहिलं, कुठे उभे होते, कसे घरी आले, हे घरातल्या मोठ्यांकडून पुन्हा विचारून घ्या आणि तेवढंच चित्रात आणा. आजी असतील तर आधी त्यांना विचारा. ती पिशवी रोज उशाखालून काढून अंथरूण झटकणाऱ्या त्याच असणार. कच्ची रेखाटनं झाली की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी बघेन आणि लिहीन. मोठा कॅनव्हास ताणायच्या आधी पाठवलीत तर बरं.